झाडाचा जामीन

“गो शालन, कुराड खंय ठेवलंस?”

मी चुलीपाशी होते. कुऱ्हाड कोनाड्यात आहे म्हणून सांगितलं, तशी आबा ती घेऊन मागीलदारी गेले, दगडावर पाणी शिंपडलं आणि धार लावत बसले. दर चार घासण्यांनंतर मान वर करून ते दगडी गडग्याजवळच्या जायफळीच्या झाडाकडे बघत होते. घरात येऊन बसलेल्या आणि जायचं नाव न काढणाऱ्या पाहुण्याकडे बघावं, तसं.

“आज लाकडं फोडायला इनास नाही आला?” मी सासूबाईंना विचारलं. त्यांना सगळं गाव आये म्हणायचं, म्हणून मीही आयेच म्हणायची.

“लाकडा नाय गो,” आये हसून म्हणाल्या. “उद्या देवदिवाळी. उद्या झाडाक धमकावचा आसता.”

मी गडहिंग्लजची. वैशाखात लग्न होऊन सावंतवाडीच्या पलीकडच्या ह्या गावात आले होते. नवरा पणजीला नोकरीला, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. उरलेला आठवडाभर घरात आबा, आये आणि मी. मालवणी मला अर्धी समजायची, बाकीची मी समोरच्याच्या चेहऱ्यावरून लावून घ्यायची. पण झाडाला धमकावणं म्हणजे काय, हे चेहऱ्यावरूनही कळेना. तेव्हा आयेंनी भाकरी थापता थापता सांगितलं.

जे झाड फळत नाही त्याच्यासमोर देवदिवाळीच्या सकाळी घरधन्यानं कुऱ्हाड घेऊन उभं राहायचं. बोथट बाजूनं तीन ठोके मारायचे आणि विचारायचं, देतोस की नाही? तेवढ्यात दुसऱ्या कुणी पुढं होऊन म्हणायचं, थांबा, पुढच्या वर्षी देईल. घरधन्यानं विचारायचं, जामीन कोण? त्यानं म्हणायचं, मी. जामीन मिळाला की कुऱ्हाड खाली ठेवायची, झाडाला हळदकुंकू लावायचं, बुंध्याशी ताक ओतायचं. झाड घाबरतं आणि पुढच्या वर्षी फळतं, असं म्हणतात.

“आणि फळतं?”

“आमचो फणस फळलो. ह्या मेला काय घाबरणा नाय,” आये म्हणाल्या. “दर वर्सा मी जामीन रवतंय. माझी पत गेली ह्या झाडापायी.”

आता ह्या झाडाची गोष्ट सांगायला हवी, कारण आबांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुखणं तेच होतं. आबांच्या आजोबांनी हे कुळागर लावलं. पोफळी, नारळ, मिरीचे वेल, आणि व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेनं जायफळीची रांग. पुढं वाटणी झाली. अर्धं आबांकडे आलं, अर्धं त्यांच्या धाकट्या चुलतभावाकडे, बाबलकाकांकडे. मधे जांभ्या दगडाचा गडगा उभा राहिला. त्याच्या पलीकडे सगळ्या फळत्या जायफळी गेल्या आणि अलीकडे एकच झाड उरलं. उंच, डेरेदार, काळपट हिरव्या पानांचं, बघत राहावं असं देखणं. आणि त्याला एकदाही फळ धरलं नाही.

“मेल्यान वांझोटा झाड माझ्या पदरात टाकल्यान,” असं आबा म्हणत. वाटणी दोघांच्या वडिलांनी केली होती, बाबलकाकांचा त्यात काही हात नव्हता. पण राग काढायला वडील हयात नव्हते आणि बाबलकाका गडग्यापलीकडे रोज दिसायचे. दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. पावसाळ्यात पलीकडची पिवळी फळं पिकून फुटायची, आतली लाल जायपत्री चमकायची, आणि एकेक फळ टप्पकन खाली पडायचं. प्रत्येक आवाजाला आबा माजघरात कूस बदलायचे.

मुळात त्यांची झोप हलकी. जेवणं झाली की त्यांना जायफळ उगाळून पेलाभर दूध लागायचं, त्याशिवाय डोळ्याला डोळा लागायचा नाही. एका पितळी डबीतून जायफळ काढून आये सहाणेवर उगाळायच्या. एकदा मी विचारलं, हे कुठनं आणता? आये “बाजारातला” एवढंच म्हणाल्या. आबांनी मात्र पेला तोंडाचा काढून मला बजावलं, “सावंतवाडीच्या बाजारातला आसा ता. असला जायफळ तुझ्या घाटावर बघूक मिळाचा नाय. आणि बाबल्याचा? नुसतो भुसो!”

तर त्या दिवशी दुपारी, आबांचं धार लावणं अजून चालूच असताना, मी झाडाखालचा पालापाचोळा गोळा करायला गेले. झाडाला फुलं आली होती. बारीक, फिकट पिवळी, छोट्या घागरीसारखी, गोड वासाची. घोसाघोसानं लागली होती आणि खाली त्यांचा सडा पडला होता. मी एक फूल उचललं, नखानं उघडून बघितलं. आणखी एक उघडलं. मग बाबलकाकांच्या झाडाची, गडग्यावरून आमच्या बाजूला वाकलेली एक फांदी हाताशी आली, तिचं फूल बघितलं. त्याच्या पोटात हिरवा दाणा होता. आमच्या फुलांत तो नव्हता.

मला हसूच आलं. हे तर आमच्या मळ्यातलं!

“आबा,” मी म्हटलं, “ह्या झाडाला कधीच फळ धरायचं नाही.”

“तुका कोणी सांगल्यान?”

“नर आहे हे. आमच्याकडे पपईचं असंच असतं. माझ्या वडिलांची पपईची बाग आहे ना, तिथं काही झाडं नर निघतात. त्यांना नुसती फुलं येतात. एका वर्षी आमच्या काकांनी सगळे नर उपटून टाकले, जागा अडवतात म्हणून. त्या वर्षी पपया धरल्याच नाहीत. फुलं यायची आणि गळून जायची. तेव्हापासून बांधाला चार नर राखून ठेवतात.”

आबांचा हात दगडावर थांबला. “म्हणजे, बाबल्याच्या झाडांका फळा धरतत ती…”

“ह्याच्यामुळंच असणार. ह्या फुलांतली पूड किडे नेतात, वारा नेतो. त्यांच्या बागेत दुसरा नर नसला तर.”

“नाय,” आबा सावकाश म्हणाले. “दोन होती असली, फळ न देणारी. तेणा तोडल्यान. गावभर सांगत फिरलो, माझ्या बागेत आता फुकट खाणारा एक पण झाड नाय.”

मला वाटलं, झाडाचा दोष नाही हे कळल्यावर म्हातारा कुऱ्हाड ठेवून देईल. इतक्या वर्षांची अढी सुटेल, कदाचित झाडाच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवील. आबा उठले, झाडापाशी गेले, वर बघितलं, मग गडग्यापलीकडे बघितलं. आणि त्यांचा चेहरा असा फुलला की लग्नात माझ्याकडचं मानपान बघूनही फुलला नव्हता.

“असा काय!” ते म्हणाले. “जेवता माझ्या हय आणि संसार थय करता! बरा झाला सांगलंस, चेडवा. आता ह्या झाड उद्या तोडूचाच.”

“अहो आबा, पण…”

“आये गो! ऐक. उद्या तू जामीन रवाचा नाय. घरच्या माणसाचो जामीन लय मानलो. ह्या वर्सा भायलो माणूस होयो.”

“भायलो कोण येतलो देवदिवाळीच्या सकाळी तुमच्या झाडासाठी?” आयेंनी दारातूनच विचारलं.

“नाय इलो तर झाडाचा नशीब! इनासाक सांगणा धाडतंय. येतलो सकाळीच.”

 पदराला हात पुसत आयेंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा झाडाकडे, आणि आत गेल्या.

मला तर काही सुचेना. तोंड उघडलं ते झाडाला वाचवायला आणि झालं भलतंच. आणि प्रश्न एका झाडाचा नव्हता. बाबलकाकांचं घर जायफळावर चालायचं. आणि त्या घरात द्वारकाकाकी होती.

काकीविषयी सांगते. ह्या गावात आल्यावर पहिले दोन महिने मला कुणीही काहीही विचारलं तरी ते कामाबद्दल असायचं. पाणी आणलं का, दिवा लावला का. एक दिवस मी गडग्यापाशी धुणं वाळत घालत होते, तर मिरीच्या वेलाआडून एक बारीक आवाज आला, “गो बाय, आवशीची आठवण येता काय?” आवस म्हणजे आई, एवढं मला कळत होतं. तिथं गडग्याला एक फट होती, दगड निसटून झालेली, हातभर रुंद. त्या फटीतून मी काकीचा चेहरा बघितला आणि तिथंच रडले. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी चोरून त्या फटीपाशी जायची. सासरी तेवढीच एक जागा होती जिथं मी मन मोकळं करत असे. हे झाड पडलं की ती फट कायमची बुजणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

त्या संध्याकाळी मी काकीला सगळं सांगितलं.  तिनं आपल्या झाडांच्या रांगेकडे मान वळवली.

“दोन होती गो आमच्याकडे,” ती म्हणाली. “मी ह्यांका सांगलंय, सावली देतत, रवांदेत बापडी. तर म्हणाले, सावली काय खावची?”

“काकांना सांगा ना. येऊन आबांशी एक शब्द बोलू देत.”

“येवचे नाय ते. भावाचा नाव काढला तरी पानावरसून उठतत.” तिनं पदर तोंडाला लावला. “पोफळींवर कितीसा चलता? सगळा ह्या झाडांवर आसा. आणि नवा झाड आज लावला, तर फुला येवन ता नर का मादी कळाक सात-आठ वर्सा जातली. तवसर आमी खंय आसतलो?”

 मी फटीतून हात घालून तिचा हात धरला, एवढंच.

रात्री आबांनी दूध घेतलं, गुणगुणत घेतलं. इतक्या खुशीत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. 

सकाळी अंगणात पणत्या लावून होतात न होतात तोच इनास हजर झाला. खांद्यावर करवत, कमरेला दोर. आयेंनी त्याला चहा दिला. आबांनी आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलं होतं, कपाळाला गंध लावलं होतं. घरात लग्न आहे आणि हे वरबाप आहेत, असा थाट.

“इनासा,” ते गडग्याच्या दिशेनं तोंड करून ओरडले, “ह्या झाड मुळापासून काढूचा हां! खोड सुदा ठेवचा नाय!”

इनास हातभर अंतरावर उभा होता, त्याच्यासाठी एवढं ओरडायची गरज नव्हती. पण ज्याच्यासाठी होतं त्याला ते पोचलं. गडग्यापलीकडे बाबलकाका दिसले. ते मिरीच्या वेलाची पानं मोठ्या बारकाईनं तपासत होते. एकच पान त्यांनी इतकं उलटंपालटं केलं की ते शेवटी हातात आलं. त्यांच्या मागं पोफळीला धरून काकी उभी होती.

आबांनी कुऱ्हाड उचलली. बोथट बाजूनं पहिला ठोका दिला. “देतलंस काय नाय?”

पानं थरथरली. बारीक फुलं आबांच्या डोक्यावर पडली.

दुसरा ठोका. “देतलंस काय नाय?”

 मी काकांकडे बघत होते. तोंड उघडा हो, एक शब्द तर बोलायचाय! त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि पुन्हा दुसरं पान धरलं.

तिसरा ठोका. “देतलंस काय नाय?”

आता जामिनानं बोलायचं. आयेंच्या ओठांवर शब्द आलेला मला दिसला. सवयच होती त्यांना. पण आबांनी डोळे वटारले, तशा त्या तोंडावर पदर घेऊन तडक घरात निघून गेल्या.  व्हाळाच्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

“आबानू, तोडूचा मा?” इनासनं विचारलं. “माका फुडे आणखी एक झाड आसा.”

“तोडूचा. पण पयलो घाव माझो.”

आबांनी कुऱ्हाड फिरवली, धारेची बाजू पुढं केली आणि सगळ्या ताकदीनं घाव घातला. पातं खोडात रुतलं. त्यांनी ते हिसकून काढलं, आणि सालीतून लाल रस ओघळायला लागला.

जायफळीचा चीक लाल असतो हे मला ठाऊक नव्हतं. आबांना ठाऊक असणार, पण इतक्या वर्षांत त्यांनी ह्या झाडाला धार कधी लावली नव्हती. रस खोडावरून खाली येत राहिला. आबा हातातल्या पात्याकडे बघत उभे राहिले. दुसरा घाव घालायला हात काही उठेना.

“थांब रे दादा!”

बाबलकाका गडग्यावर चढले होते. चढले म्हणजे काय, लुंगी एका दगडाला अडकली, ती सोडवताना तोल गेला, आणि वरचे चार दगड घेऊन ते थेट आमच्या बाजूला आले. पडता पडता सावरले. पायाला खरचटलं होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. “दादा, थांब,” ते पुन्हा म्हणाले.

ह्या अंगणात त्यांनी आबांना दादा म्हटल्याला किती काळ लोटला होता कोण जाणे. आबा वळले. काहीतरी जळजळीत बोलायला त्यांनी तोंड उघडलं होतं हे नक्की. पण देवदिवाळीच्या सकाळी, हातात कुऱ्हाड असताना, कुणी थांब म्हटलं की पुढं काय म्हणायचं ह्याची त्यांच्या जिभेला वर्षानुवर्षांची सवय. शब्द आपोआप बाहेर पडले.

“जामीन कोण?”

आणि त्यांनी लगेच जीभ चावली.

“मी,” बाबलकाका म्हणाले. “मी जामीन. फुडच्या वर्सा देतला.”

“काय देतला, कपाळ?” आबा कडाडले. “नर आसा तो! फुडच्या वर्सा काय, सात जल्मात देवचा नाय! खोटो जामीन रवतंस माझ्या दारात येवन?”

“खोटो नाय. देतला तो. माझ्या बाजून देतला.” काका मागं सरले नाहीत. “झाड तुझा, फळ माझ्याकडे पडता. मी तरी काय करू? बापाशींनी जमीन वाटल्यानी, वाट वाटल्यानी, व्हाळाचा पाणी वाटल्यानी. किड्यांका कोणी सांगल्यान हय गडगो आसा म्हणान? माझी दोन होती, ती मी माझ्या हातान तोडलंय. सावली काय खावची, म्हटलंय. आता समाजला काय खाय होतंय ता.”

“तू खाय होतंस! माझा काय?” आबांनी कुऱ्हाडीचा दांडा जमिनीवर आपटला. “इतकी वर्सा हेका शेण घातलंय, पाणी घातलंय. माझ्या तोंडात ह्या झाडाचा एक फळ तरी पडला कधी?”

“पडला.”

हा आवाज आयेंचा होता. त्या घरातून येत होत्या आणि त्यांच्या हातात पितळी डबी होती. त्यांनी ती आबांसमोर धरून उघडली. आत चार गोल, तपकिरी जायफळं होती.

“ह्या काय?” आबांनी विचारलं.

“तुमचा दुधातला जायफळ.”

“सावंतवाडीच्या बाजारातला मा ता?”

“खंयचो बाजार!” आये म्हणाल्या. “गडग्याच्या फटीत भरता तो बाजार. द्वारका जायफळ देता, मी तिका आमसुला देतंय. वाटणी झाली त्या वर्सापासून. तुमी रोज रात्री ह्याच झाडाचा फळ पितास आणि ह्याच झाडाक गाळी देवन झोपतास.”

मी फटीकडे बघितलं. त्या दगडाची कड इतकी गुळगुळीत कशी, त्यावर शेवाळ का धरत नाही, असं मला कधीमधी वाटायचं. ती जागा मीच शोधून काढली असा माझा समज होता. आये माझ्याकडे बघून हसल्यासारख्या झाल्या. म्हणजे माझं रोजचं जाणंही त्यांना ठाऊक होतं.

आबा डबीत बघत होते. मग त्यांनी मान वर केली. “बाबल्या, तुका म्हायत होता?”

“म्हायत नसता तर काय?” काका म्हणाले. “आमच्या हय रातांब्याचा झाड नाय. मगे माझ्या कढीत आमसुला खंयसून पडतत, ह्या मी विचारूचंय नाय?” त्यांनी पायानं दगडाचा तुकडा सरकवला. “बरी मोठी फळा बघून मीच बाजूक काढून ठेवतंय. तुझी झोप ल्हानपणापासून हलकी. आणि तू तेका भुसो म्हणतंस. ऐकलंय मी गडग्याआडसून.”

आबा पडलेल्या दगडांपैकी एकावर बसले. कुऱ्हाड त्यांनी मांडीवर घेतली, मग तीही बाजूला ठेवली. त्यांच्या केसांत अजून जायफळीची फुलं अडकली होती. ते खोडावरच्या लाल ओघळाकडे बघत बसले.  इनासला मात्र राहवेना.

“मगे काय, आबानू? तोडूचा का जावचा?”

“जामीन रवलो मा तो?” आबा त्याच्यावर असे खेकसले की करवत त्याच्या खांद्यावरून घसरली. “भायलो माणूस जामीन रवलो, मगे झाड तोडतत काय? रीत म्हायत नाय तुका? इतकी वर्सा झाडा तोडतंस ती कशी तोडतंस?”

माझ्या जिवात जीव आला.  गडग्यापलीकडे काकी पोफळीला कपाळ टेकून रडत होती आणि रडता रडता हसत होती. मला तिच्याकडे धावत जावंसं वाटलं. आणि मी गेलेच, पडलेल्या दगडांवरून, सासऱ्यांच्या देखत. कुणी मला अडवलं नाही.

मग शेण आणि माती कालवून झाडाच्या जखमेवर लावली. कालवली बाबलकाकांनी, लावली आबांनी, आणि ती लावताना दोघांची “हय पातळ झाली,” “थय जाड होया,” अशी चांगली जुंपली. आयेंनी हळदकुंकू लावलं, बुंध्याशी ताक ओतलं. काका जायला निघाले आणि आल्या वाटेनं गडग्यावर पाय टाकायला लागले, तेव्हा आबा म्हणाले, “दारातसून जा. उरलेलो गडगो पण पाडशीत. आणि जाण्याआधी चाय घे.”

पडलेले चार दगड नंतर कुणी परत रचले नाहीत. पुढच्या पावसात आणखी काही निसटले. आज तिथून डोक्यावर भारा घेऊन सरळ जाता येतं. आबा नाहीत, काकाही नाहीत, पण खोडावर तो घाव अजून दिसतो, भरून आलेला, बोटांनी चाचपता येणारा. जोवर दोघे होते तोवर दर देवदिवाळीला आबा कुऱ्हाड घेऊन उभे राहत आणि बाबलकाका लुंगी सावरत येऊन जामीन राहत. इतक्या वेळा खोटा जामीन राहिलेला माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल, असं आबा म्हणायचे.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या देवदिवाळीच्या संध्याकाळचं.

जेवणं झाली. आबा नेहमीच्या जागी, माजघराच्या उंबऱ्याशी बसले. आयेंनी पेला आणून पुढं ठेवला आणि आपलं काम करायला लागल्या. आबांनी एक घोट घेतला. पेला खाली ठेवला. पुन्हा उचलला, वास घेतला.

“आये गो, ह्या दूध फिका कित्या?”

“जायफळ घालूक नाय.”

“कित्या घालूक नाय?”

“म्हटला, आता तुमका म्हायत झाला कोणाचा जायफळ ता,” आये भांडी पुसत मान खाली घालूनच म्हणाल्या. “चलात का नाय, कोणाक ठावक.”

आबांनी पेला त्यांच्यापुढं सरकवला.

“कोणाचा म्हणजे?” ते म्हणाले. “माझ्या झाडाचा ता! घाल, बरोसो उगाळून घाल.”